पूजेत मौन मोडावं लागलं

मैत्रिणींनो, आज सकाळी घडलं ते लिहितेय.

सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसले होते. आमच्याकडे पूजा होईपर्यंत कुणी बोलत नाही. समोरच न्हाणीघर. माझ्या मुलानं, शिवानं, बादलीत हीटरची कांडी सोडून बटण दाबलं आणि मोबाइल वाजला म्हणून तसाच अंगणात गेला. रांगती नात बादलीपाशी पोचली, काठ धरून उभी राहू लागली.

"शिवा, पोरगी!" मी ओरडलेच.

त्यानं धावत येऊन तिला उचललं, वर हसतोय, "आई, मौन मोडलंस की! आता परत आंघोळ कर, पाणी तापतंयच."

सूनबाई हसली नाही. तिनं गुपचूप बटण बंद केलं.

शिवा शाळेत असताना डॉक्टरांनी एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही आणि अंगात चंचलपणा, आहे म्हणून सांगितलं होतं. तेव्हा लई उड्या मारायचा, बाकावर टिकायचा नाही. मोठेपणी एका जागी बसू लागला, तसं आम्ही म्हटलं, सुटलं एकदाचं. सिद्धेश्वराला अभिषेक केला, गोळ्याही बंद केल्या.

परवापासून सूनबाई कामावर जाणार. मला मैंदर्गीला आजारी आईकडे जायचंय. घरात शिवा आणि नात, दोघंच. तो म्हणतो, "बिनधास्त जा, मी हाय की."

तुमच्यापैकी ज्यांच्या मुलांना हे होतं, त्यांचं मोठेपणी खरंच गेलं का गं? की उड्या तेवढ्या थांबल्या, आणि बाकीचं आपल्याला दिसेनासं झालं?

परवाच्या आत सांगा.