पेल्यातलं पाणी

डोंगरातल्या लोंग रुरान गावच्या गवती धावपट्टीवर विमान उतरलं की त्याचा ताबा साकाइकाकांकडे. चाकांना लाकडी ठोकळे लावायचे, रात्रीचा मुक्काम पडला तर पंख दोरांनी बांधायचे, सावलीला आलेल्या म्हशी हाकलायच्या. आणि उड्डाणाआधी पंखाखालची तोटी दाबून टाकीच्या तळाचं पेट्रोल काचेच्या पेल्यात काढून पाहायचं. टाकीत पाणी शिरलं असेल तर ते जड म्हणून खाली बसतं, वर निळसर पेट्रोल, मध्ये रेघ. ती रेघ काका एकवीस वर्षं शोधत होते.

मी तिथल्या दवाखान्यातली नर्स. रिनाईच्या कळांचा तो दुसरा दिवस होता आणि पोटातल्या बाळाचे ठोके मंदावत चालले होते. शहरात नेऊन ऑपरेशन केल्याशिवाय सुटका नव्हती. आदल्या संध्याकाळपासून विमान उभं होतं. त्यावर रात्रभर पाऊस कोसळला होता. सकाळी विमानाच्या वाटेतल्या खिंडीवरचं धुकं जरासं फाटलं, तसं आम्ही रिनाईला झोळीतून पट्टीवर आणलं.

कॅप्टन प्रासोजोंनी घाईत स्वतःच पेला भरून वर धरला. "रेघ नाही. स्वच्छ आहे. ठोकळे काढा, काका."

उजेड फार नव्हता. काकांनी पेला घेतला, नाकाशी नेला. दोन थेंब तळहातावर चोळले.

"साहेब, याला वासच नाही."

"सर्दी झालीय तुम्हाला."

"रेघ दिसेल कुठून? पेलाभर नुसतं पाणीच आहे."

रिनाईचा नवरा लाबो म्हणजे काकांचा सख्खा पुतण्या. तो धावत आला. "काका, धुकं परत दाटतंय. पाया पडतो तुमच्या, काढा ना ते ठोकळे!"

काका खाली वाकले. मला वाटलं, काढणार. ते चाकासमोर चिखलात बसले.

"मला उचलून फेका, नाहीतर दुसरा पेला भरा."

कॅप्टननी दातओठ खात दुसरा भरला. पाणी. तिसरा, चौथा, पाणीच. नवव्या पेल्यात रेघ दिसली तेव्हा कॅप्टनचा चेहरा पांढरा पडला होता. टाकीच्या झाकणाचं रबर चिरलं होतं. पंख हलवून हलवून पुन्हा पुन्हा निचरा करावा लागला. पेला निळा भरेपर्यंत खिंड बंद झाली होती.

दिवसभर ती उघडली नाही. दुपारनंतर रिनाईच्या पोटाला लावलेल्या नळीतून मला बाळाचे ठोके ऐकू आले नाहीत. दुसऱ्या दिवशी विमान गेलं, रिनाई वाचली. मुलगी होती.

आठवड्यानंतर काका दवाखान्याच्या दारात उभे राहिले. "सिस्टर, वेळेवर निघालं असतं, तर?"

"झाडांवर पडलं असतं, काका."

"ते मला ठाऊक आहे. पाणी नसतं तर, असं विचारतोय."

मी कपाटातल्या बाटल्या सरळ लावू लागले. ते मान हलवून गेले.

लाबोला गावाने पुष्कळ समजावलं. कॅप्टन स्वतः त्याच्या घरी जाऊन आले. लाबोने एवढंच विचारलं, "म्हणजे विमान वाचलं, नाही का?"

आता दर खेपेला तो पट्टीच्या कडेला, कुंपणाबाहेर येऊन उभा राहतो. हातात गवत कापायचा कोयता असतो, पण गवत तो कापत नाही. काका पंखाखाली वाकले की दोन पावलं पुढे सरकतो. मी काकांना म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी सोबत ठेवा.

"येऊ दे त्याला जवळ," काका म्हणाले.

काल तो कुंपणाच्या आत आला होता.