सवतीची किंमत

दुकानात आले की सर आधी शर्टाला हात पुसायचे आणि मगच कीबोर्डला बोट लावायचे. मग विचारायचे, ‘‘चालू शे ना? मंग झाये.’’ पंखा असो, झेरॉक्सचं मशीन असो, नाहीतर शेजारच्या चहावाल्याचा धंदा असो, सरांची चौकशी हीच. चालतंय म्हणजे उत्तम, त्यापुढे त्यांना काही लागत नसे.

तळोद्याच्या स्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. सर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. तुमच्याही गावात असा एखादा मास्तर असेल. लोक पाठीमागे हसतात आणि रेडिओ बिघडला की त्याच्याच दारात जातात.

चाळीस वर्षांपूर्वी या माणसाने बायकोच्या पाटल्या विकून सुरतेहून कॉम्प्युटर आणला. टीव्हीला जोडायचा, कॅसेटवरून प्रोग्राम चढवायचा, तसला. एसटीत अख्खी वाट तो मांडीवर धरून बसले होते म्हणे. काकूंनी त्याच दिवशी त्याचं नाव ठेवलं, ‘मनी सवत’, म्हणजे माझी सवत. पाटल्या काही परत झाल्या नाहीत. पोरीचं लग्न, घराचे पत्रे, काही ना काही निघतच गेलं.

यंदा काकूंनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते सरांना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळीच दुकानात आले. जुने कॉम्प्युटर जमवणारे शौकीन असतात असं पेपरात वाचलंय, आपल्याची किंमत काढून दे, म्हणाले. मला वाटलं, औषधांसाठी असेल. तर म्हणतात, ‘‘एक पाटली तरी तिना हातमा घालनी शे, भाऊ. ती शे तोवर.’’

मी हसणार होतो. हसलो नाही, तेवढं एक बरं केलं. नेटवर शोधलं, शौकिनांच्या एका ग्रुपवर सरांच्या फोनमधला त्याचा फोटो टाकला. तासाभरात बंगळुरूच्या एका गृहस्थाचा फोन आला. हे मॉडेल आपल्याकडे फार थोडं आलं होतं, म्हणाला. त्याने सांगितलेल्या रकमेत एक पाटली नक्की झाली असती. फक्त चारी बाजूंचे नीट फोटो पाठवा, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि इथे मी माती खाल्ली. सरांना म्हटलं, जरा चांगला दिसू द्या त्याला. सारंगखेड्याच्या बाजारात घोडा कोणी चिखलाच्या पायांनी नेतं का? त्याला धुतात, आयाळ विंचरतात, खुरांना तेल लावतात, मग गिऱ्हाईक थांबतं. सरांना पटलं. पटणारच, आपल्याकडे विकायची वस्तू अशीच नेतात.

दोन दिवसांनी ते कॉम्प्युटरच घेऊन आले. पिवळं पडलेलं प्लास्टिक पॉलिश पेपरने घासून त्यावर क्रीम ऑइल पेंटचे दोन हात दिले होते. मागची नंबराची पट्टीसुद्धा रंगाखाली गेली होती. काय झळकत होता! मी तोंड भरून कौतुक केलं आणि फोटो पाठवले.

ते बघून गृहस्थाने फोन केला. म्हणाला, रंगवलेला चालत नाही. त्या पिवळेपणाला किंमत होती, नंबराच्या पट्टीला किंमत होती. आता सुट्या भागांपुरता, तेही बघू. कोणी रंगवला, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, मालकाने. कोणाच्या सांगण्यावरून, ते सांगितलं नाही.

मी सरांना फोन केला. सगळं ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, ‘‘पन तो चालू शे ना?’’

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. काकूंच्या खाटेशी बसून सर ब्लेडने रंग खरवडत होते. थिनरने बटणांवरची अक्षरं गेली होती, प्लास्टिक चिकट झालं होतं. काकू म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ द्या आते. बोट कापाई जाई.’’ त्या खोक्यापाशी बसलेल्या सरांशी त्यांना इतकं मऊ बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. मग मला विचारलं, ‘‘भाऊ, मनी सवतनी काय किंमत उनी?’’

खोटं बोलायचं ठरवूनच मी गेलो होतो. विकला गेला म्हणून सांगायचं, पाटलीचं नंतर मी बघेन. मी तोंड उघडलं तेवढ्यात सर म्हणाले, ‘‘काहीच नही. मीच बिघाडी टाकं.’’

ते माझं नाव घेतील म्हणून मी थांबलो. त्यांनी घेतलं नाही. काकूंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं.

चौथ्या दिवशी त्या गेल्या. सर मुलीकडे सुरतेला निघून गेले, माझा फोन उचलत नाहीत. काकू गेल्या त्या एवढंच ऐकून, की नवऱ्याने पाटल्याही घालवल्या आणि कॉम्प्युटरही. तो घालवायला लावणारा मी त्यांच्या खाटेशी उभा होतो. रंगवायला मीच सुचवलं, एवढं मी त्यांना सांगितलं नाही.