शैलाताईंच्या इंग्लंडातली मेंढी

शैलाताई गेल्याचं मला मीनलने फोनवर सांगितलं. म्हणजे तिला माझ्या आधी कळलं होतं. अशी बातमी आली की आधी रडू यायला पाहिजे. मलाही आलं, पण त्याच्या जरासं आधी डोक्यात आलं, हिला कसं आधी कळलं? मी तेव्हा नागोयातल्या आमच्या बिल्डिंगखाली कचऱ्याची पिशवी घेऊन उभी होते. इथे कचऱ्याचे वार ठरलेले असतात आणि त्या दिवशी जळणाऱ्या कचऱ्याचा वार होता. योग्यच म्हणा, जळण्यात माझा हात धरणारं आमच्या बार्शीत कुणी नव्हतं, जपानातही अजून भेटलेलं नाही. मीनल रडत रडत सांगत होती, झोपेतच गेल्या, हृदय बंद पडलं, काकांनी पहाटे मलाच पहिला फोन केला… तो 'मलाच' माशाच्या काट्यासारखा माझ्या घशात अडकला तो अडकलाच. दोन महिने होत आले, अजून निघालेला नाही.

शैलाताई मूळच्या नाशिकच्या. काका, म्हणजे त्यांचे मिस्टर, गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर, त्यांच्यासोबत त्या तरुणपणी इथे आल्या आणि इथल्याच झाल्या. मुलगा तोक्योला नोकरीला गेल्यावर घर खायला उठलं, म्हणून त्यांनी स्टेशनजवळच्या एका छोट्या प्रवास कंपनीत पार्टटाइम काम धरलं. आधी नुसती माहितीपत्रकं घड्या घालून पाकिटात भरायच्या. मग हळूहळू एक अख्खी सहलच त्यांच्या नावावर झाली, इंग्लंडच्या खेड्यांची. लंडन नाही, राजवाडा नाही. नुसती खेडी. गिऱ्हाईक म्हणजे नागोयातली रिटायर्ड मंडळी, ज्यांनी जन्मभर गाड्या बनवल्या आणि आता ज्यांना पायी चालायचं होतं. लोकांच्या शेतातून जाणाऱ्या पायवाटांनी चालायचं, बागा बघायच्या, जुन्या चर्चमध्ये गार वाऱ्याला बसायचं, कालव्यात माणसाच्या चालीपेक्षा हळू जाणारी बोट असते तिच्यात बसायचं, आणि संध्याकाळी गावच्या मैदानावरचं क्रिकेट एक अक्षर न कळता टाळ्या वाजवून बघायचं. एवढ्यासाठी माणसं तेरा-चौदा तास विमानात बसायची. बार्शीत हे आम्ही फुकट करायचो, फक्त टाळ्या नव्हत्या.

माझी त्यांची ओळख गणपतीतली. मंदारशी लग्न होऊन मी नवीनच आले होते, जपानी येत नव्हतं, पण आवाज सगळे यायचे. हॉलच्या कोपऱ्यात बायका-पोरं जमवून मी मेट्रोतली अनाउन्समेंट, कोनबिनीच्या, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानाच्या, गल्ल्यावरचा मुलगा, आमच्या मजल्यावरचे खोकणारे आजोबा, असं सगळं काढून दाखवत होते. मागून एक बाई डोळे पुसत हसत पुढे आल्या आणि विचारलं, "मेंढी येते का गं?" म्हटलं, मेंढी, बोकड, कोकरू, काय पाहिजे ते येतं. म्हणाल्या, "मग रविवारी ये. पैसे देईन."

तर ते काम असं होतं. इथल्या माणसाला काहीही अचानक झालेलं आवडत नाही. कुंपणावरून कसं चढायचं, फाटक आपण लावायचं की शेतकऱ्याने, चहासोबत तो स्कोन नावाचा जाड पाव येतो त्याच्यावर आधी जॅम की आधी साय, हे माहीत नसेल तर ती मंडळी घरातूनच निघणार नाहीत. म्हणून शैलाताईंनी तालीम काढली. सहलीच्या आधीच्या महिन्यात रविवारी सगळ्यांना नदीकाठच्या कम्युनिटी हॉलमध्ये बोलवायचं आणि हॉलपासून मागच्या बांधापर्यंत अख्खं इंग्लंड मांडायचं. घडीची शिडी म्हणजे कुंपण. हॉलचं सरकतं पार्टिशन म्हणजे फाटक. आणि शेतकरी, घरमालकीण, दारूच्या दुकानातला म्हातारा, गाय, मेंढी, तिची पोरं, पाऊस, हे सगळं मी. मंदारचा रेनकोट घालून मी काठी आपटत यायचे आणि इंग्रजीत खेकसायचे की माझ्या शेतात कोण आलंय. ती मंडळी ओळीत उभी राहून कमरेत वाकून माझी माफी मागायची. शैलाताई मागून ओरडायच्या, माफी मागू नका, नुसतं 'छान हवा आहे' म्हणा.

सगळ्यात अवघड तालीम होती बाकावर बसायची. तिथे टेकडीवर बाक असतो, त्यावर बसून समोर बघायचं, दुसरं काही करायचं नाही. हे त्यांना जमायचंच नाही. हायाशी-सान म्हणून एक आजोबा होते, कारखान्यात जन्म काढलेले, दर वर्षी सहलीला येणारे, ते दोन मिनिटांत उठून विचारायचे, पुढचा कार्यक्रम काय? शैलाताई म्हणायच्या, हाच कार्यक्रम आहे. ते बिचारे परत बसायचे आणि इतक्या मन लावून आराम करायचे की कपाळावर घाम यायचा.

आता मीनलबद्दल. मीनल कोथरूडची. मीनलचं इंग्रजी कॉन्व्हेंटचं, मीनलकडे लायसन्स, मीनलला बोट लागत नाही, मीनल सगळ्यांची औषधं लक्षात ठेवते. कंपनी दर वर्षी शैलाताईंसोबत एक मदतनीस पाठवायची, आणि ती मीनल असायची. पहिल्या वर्षी मला काही वाटलं नाही, मी नवीन होते. दुसऱ्या वर्षी वाटलं. तिसऱ्या वर्षी मी विमानतळावर सोडायला गेले आणि सगळ्यांसमोर मेंढीचा आवाज काढून निरोप दिला, सगळे हसले, आणि येताना ट्रेनमध्ये मी खिडकीकडे तोंड करून बसले. मी त्या लोकांना इंग्लंड करून दाखवायचे आणि इंग्लंड बघायला जायची मीनल. बरं, ती जाताना 'ताई, तुम्ही' म्हणत गेली आणि आली ती 'अगं ताई' करत आली. मी आपली शेवटपर्यंत तुम्ही-आम्हीच. सहलीहून आलेली मंडळी मला फोटो दाखवून म्हणायची, तिथला शेतकरी जरा फिका होता, प्राजु-सानचा चांगला होता. मला त्याचा आनंद व्हायचा, खोटं कशाला बोलू. पण नाटकातल्या राक्षसाला कुणी सांगावं की खरा राक्षस तुझ्याइतका जमला नाही, तसा तो आनंद.

एकदा मी विचारलंच. हॉलच्या किचनमध्ये कप विसळत होतो, म्हटलं, ताई, मला का नेत नाही? त्या कप पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "तू खरी मेंढी बघितलीस ना प्राजे, की तुझी बिघडेल." आणि हसल्या. मीही हसले. माझ्यासारख्या माणसाचं हेच वाईट असतं, आपण जन्मभर सगळ्याचं हसं करतो, मग आपलं कुणी मनावर घेत नाही. मी अजूनही ठरवू शकलेले नाही की ती थाप होती की त्यांना खरंच तसं वाटत होतं.

त्यांचा आवाज मी पहिल्याच वर्षी उचलला होता. घोगरा, मधेच फाटणारा, आणि हाक मारताना शेवटचं अक्षर पतंगाच्या मांज्यासारखं सोडत जायच्या. हाकच जास्त असायची, कारण त्या कायम सगळ्यांच्या शेवटी चालायच्या. पुढे चालणारा वाट दाखवतो, मागे चालणारा माणसं सांभाळतो, असं त्यांचं म्हणणं. एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी बायकांना त्यांची नक्कल करून दाखवत होते आणि सगळ्यांचे चेहरे एकदम गार झाले. मागे त्या उभ्या. मला वाटलं मेले. त्या शांतपणे म्हणाल्या, "घशातून नाही, नाकातून काढ. परत कर." आणि मला त्यांनी स्वतःचा आवाज तिथेच, तिळगुळाचं ताट हातात धरून, दुरुस्त करून दिला. त्या दिवशी मीनल तिथे नव्हती, हे मी आवर्जून लक्षात ठेवलंय.

त्या गेल्यावर त्याच हॉलमध्ये सगळे जमले. काका समोर बसले होते, मुलगा शेजारी. एकेक जण उठून बोलला. मीनल उठली आणि तिने सांगितलं की गेल्या सहलीत एका दुपारी गावाबाहेरच्या कुरणात सगळे टेकले होते, आणि ताई बूट काढून गवतावर आडव्या झाल्या आणि गाढ झोपल्या. कुणी उठवलं नाही. सगळी मंडळी त्यांच्याभोवती अर्धा-पाऊण तास गप्प बसून राहिली, आणि हायाशी-सानसुद्धा पुढचा कार्यक्रम विचारायला उठले नाहीत. मागच्या रांगेत कुणीतरी हुंदका दिला. माझेही डोळे वाहत होते, पण आत काय चाललं होतं ते सांगते… मी ताईंना चालताना पाहिलंय, ओरडताना, हसताना, कप पुसताना पाहिलंय. झोपलेल्या ताई मी कधीच पाहिल्या नाहीत. त्या मीनलकडे आहेत.

यंदाची सहल रद्द होईल असं मला वाटलं होतं. मंडळींनी कंपनीला सांगितलं, आम्ही जाणार. मीनलने न्यायचं ठरलं आणि एप्रिलमध्ये तालीम लागली. मी रेनकोट घालून गेले. शिडी लावली, पार्टिशन ओढलं, मीनल पुढे उभी राहिली आणि चला म्हणाली. हायाशी-सान शिडी चढले, पलीकडे उतरले, आणि मागे वळून उभे राहिले. पुढचे आजोबा उतरले, तेही मागे वळले. मग आजी. बघता बघता सगळी रांग पलीकडे उतरून मागे तोंड करून उभी. बांधावर मागे कुणीच नव्हतं. मीनल पुढून म्हणत होती, या ना, या ना. पाय कुणाचेच उचलेनात.

हायाशी-सान माझ्याकडे आले, वाकले आणि अगदी हळू आवाजात म्हणाले की प्राजु-सान, तुम्हाला त्यांचा आवाज येतो असं ऐकलंय, त्रास होणार नसेल तर… पुढचं त्यांनी सोडून दिलं. इथे वाक्य अर्धं सोडलं की ते पूर्ण समजायचं असतं. मी मान हलवली, नाही. ताई गेल्यापासून तो आवाज मी एकदाही काढला नव्हता. मंदारने एकदा विचारलं होतं, त्यालाही नाही म्हटलं होतं. मीनलकडे तीन सहली होत्या, पहाटेचा फोन होता, गवतावरची ती दुपार होती. माझ्याकडे एवढंच होतं, आणि ते मला कुणात वाटून टाकायचं नव्हतं. हळदीकुंकवाचं वाण आहे का ते, येईल तिला द्यायला?

मग मीनल शिडीपाशी आली. डोळे लाल. म्हणाली, "एकदाच काढ ना गं. मला पुढे जाताच येत नाहीये."

मी रेनकोट काढला. रांगेच्या मागे गेले, त्या उभ्या राहायच्या तिथे, आणि नाकातून, त्यांच्या त्या जपानीत, हाक मारली की हायाशी-साऽऽन, ढगात काय बघताय, पायाखाली बघा. ते ताबडतोब "हाय", म्हणजे हो जी, म्हणाले आणि चालायला लागले. एका आजींना म्हटलं, टोपी घाला, त्यांनी घातली. मग मराठीत, फाटक्या आवाजात, "मीनल, फाटक लावलंस काऽऽ?" आणि मीनल मागे न बघता म्हणाली, "लावलं गं ताई." म्हणाली आणि तशीच चालत राहिली. खांदे हलत होते तिचे, पण चालत राहिली. सगळे गेले नदीपर्यंत. कुणी मागे वळलं नाही. वळायची गरजच नव्हती, ताई मागे होत्या.

परत येताना मीनल म्हणाली, तू चल यंदा, मी बोलते कंपनीशी. बोलली ती, आणि तिकीट आलंसुद्धा. मे महिन्यात मी इंग्लंडला चाललेय. इतकी वर्षं ज्यासाठी जळले ते हातात आहे, बार्शीला आईने पेढे वाटलेत. पण मला कळतंय ना, ही मंडळी मला नेत नाहीत, ताईंना नेतायत. आणि मला नेणारच होतं कुणी, तर ते त्यांनी न्यायला हवं होतं.

परवा मी बाथरूमचं दार लावून त्यांच्या आवाजात स्वतःला हाक मारून बघितली. प्राजेऽऽ. हुबेहूब आली. मी थोडा वेळ वाट बघितली, पण ओ द्यावीशी वाटेना. आपल्याच हाकेला काय ओ देणार… मे महिन्यात त्या कुंपणापाशी मी सगळ्यांच्या शेवटी उभी राहीन आणि एकेकाला हाक मारीन. हायाशी-सानना ताई मिळतील, मीनलला तर पुन्हा मिळतील, चौथ्यांदा. माझ्या मागे फक्त मेंढ्या असतील. खऱ्या.