बाकावरचे गोल

दत्ताबद्दल लिहायचं तर सुरुवात माझ्या चुकीपासून करावी लागेल. तेव्हा परदेशात एकट्या राहणाऱ्या या मित्राचा मी फोनवर, आमच्या हॉलमध्ये, साऱ्या ओळखीच्या माणसांसमोर, त्याच्या आईसमोर पाणउतारा केला. आवाज न चढवता, हसत हसत. नंतर बरीच वर्षं मी स्वतःची समजूत घालत राहिलो, की मी खोटं तर काही बोललो नव्हतो.

आम्ही नारायण पेठेतून वारज्याला राहायला गेलो तेव्हा आमच्या इमारतीमागे दत्ताच्या घरचा गोठा होता. इमारतही त्यांच्याच शेतात उभी राहिलेली. सकाळी दूध घालायला दत्ता यायचा, पण त्याने कधी बेल वाजवलेली मला आठवत नाही. आता कोणतं दार उघडणार हे त्याला कसं कळायचं कोण जाणे. आई कडी काढायची आणि हा समोर उभा. संध्याकाळी मागच्या मोकळ्या प्लॉटवर फुटबॉल खेळतानाही तेच. मी उजव्या कडेने पळत जायचो, मान वर न करता चेंडू गोलच्या तोंडाशी मारायचो आणि तिथे दत्ता असायचा. कौतुक केलं की म्हणायचा, "गोल मी न्हाई करत. गोल व्हतो. आपण फकस्त तिथं आसायचं."

पुढे तो एका कंपनीच्या संघातून खेळू लागला आणि तिथल्या प्रशिक्षकाच्या ओळखीने त्याला मालदीवमधल्या एका क्लबाने फॉरवर्ड म्हणून घेतलं. खेळण्याचा पगार घेणारा आमच्या भागातला तो पहिलाच. तोवर त्याने समुद्र पाहिलेला नव्हता.

गोठ्यावर फोन नव्हता, म्हणून रविवारी संध्याकाळी तो आमच्याकडे फोन करायचा. त्याची आई, आम्ही तिला मावशी म्हणायचो, धारा आटोपून, धुतलेलं लुगडं नेसून आधीच फोनशेजारी येऊन बसायची. मग आम्ही स्पीकरचं बटण असलेला नवा फोन घेतला आणि प्लॉटवरची अख्खी टोळी ऐकायला जमू लागली. दत्ता गोलांची वर्णनं करायचा. मावशी मध्येच विचारायची, "जेवलास का?"

"मासं, आई. सकाळी मासं, रातच्याला मासं."

"आन् समुद्र कसा हाय?"

"चारी अंगांनी पाणीच हाय. पर पाण्यासंगं बोलायचं काय?"

सगळे हसायचे. मीही हसायचो. फोन ठेवण्याआधी तो मला विचारायचा, "शेखऱ्या, आज प्लॉटवर कोण कोण आलं व्हतं? नावं सांग." मी नावं घ्यायचो. प्रत्येक नावानंतर तो "हां" म्हणायचा आणि पुढच्या नावाची वाट बघायचा. मला त्याचा कंटाळा यायचा.

त्या सुमारास मी एका सॉफ्टवेअर कंपनीत लागलो. ऑफिसात इंटरनेट नवं होतं. एका दुपारी सहज शोधता शोधता दत्ताच्या क्लबाचं पान सापडलं. प्रत्येक सामन्याचे संघ त्यावर दिलेले होते. दत्ताचं नाव सगळ्यात खाली, राखीव खेळाडूंत. त्याच्या नावावर अख्ख्या हंगामात एकही गोल नव्हता.

तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो, मला बरं वाटलं. आमच्याच हॉलमध्ये बसून लोक त्याचे पराक्रम ऐकायचे. माझ्या नोकरीबद्दल कुणी साधं विचारलंही नव्हतं.

त्या रविवारी दत्ता म्हणाला, "काल दोन मारलं. एक तर डोक्यानं."

मी स्पीकरकडे वाकलो. "दत्ता, बाकावर बसून डोक्याने गोल कसा मारतात रे? आम्हालाही शिकव की. अरे, तुमच्या क्लबाचं सगळं इंटरनेटवर दिसतं आता."

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग हशा पिकला. मावशी माझ्या तोंडाकडे बघत म्हणाली, "कसला बाक?"

मग स्पीकरमधून दत्ताचा आवाज आला, "काय न्हाई आई. हितं बसाया बाक देत्यात. लई आराम हाय." आणि फोन बंद झाला.

त्या दिवशी त्याने नावं विचारली नाहीत. पुढच्या रविवारी फोन आला नाही. त्यानंतरही नाही. मावशी मात्र येत राहिली, फोनशेजारी बसत राहिली. "लाइन खराब आसंल," ती म्हणायची. मी म्हणायचो, "हो मावशी, लाइनच खराब आहे." अंधार पडला की ती चपला घालून निघून जायची. आई तिला चहा घ्या म्हणायची, ती नको म्हणायची.

हंगाम संपल्यावर दत्ता परत आला, किंचित लंगडत. प्लॉटवर तो पुन्हा उतरला नाही. आमच्या दारातही आला नाही. रस्त्यात भेटलो तर "काय, बरं हाय ना?" एवढंच. एकाच भागात राहून आमची वर्षं अशी गेली. गोठा गेला, मावशी गेली. प्लॉटवर जाळी लावलेलं, कृत्रिम हिरवळीचं मैदान झालं. दत्ता तिथे संध्याकाळी मुलांना शिकवतो.

गेल्या महिन्यात मी तिथे गेलो. जाळीपाशी पालक उभे होते. दत्ता ओरडत होता, "चेंडूमागं नगा पळू! तिथं आसा, तिथं!" मला बघून तो जवळ आला.

"काय इंजिनियर, वाट चुकलास व्हय?"

"दत्ता, त्या रविवारचं बोलायचं होतं."

तो जाळीला धरून मैदानाकडे बघत राहिला. "गुडघा गेला व्हता माझा," तो म्हणाला. "आईला काय सांगायचं? बाकावर बसल्या बसल्या मी मनातच गोल जुळवायचो. कुठल्या पायानं, कुठल्या कोपऱ्यात. त्या समद्या गोलांना पास तुझाच आसायचा, शेखऱ्या. उजवीकडनं. दुसऱ्या कुणाचा डोळ्यापुढं यायचाच न्हाई."

मग जाळी सोडून तो म्हणाला, "जाऊ दे. जुनं झालं. चल, टपरीवर चहा घिऊ, तिथं बोल." पण मी तेव्हा सगळ्यांसमोर बोललो होतो. म्हणून तिथेच, मुलं आणि त्यांचे आईबाप ऐकत असताना, मोठ्याने म्हणालो, "दत्ता, तू तिकडे खेळत नाहीस, हे मी शोधून काढलं. तू तिकडे एकटा आहेस, हे दर रविवारी तू मला सांगत होतास आणि मी ऐकलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."