रुमालाखालचा सौदा

दिगूभाऊ गेल्याची बातमी कासमभाईंनीच छापखान्यात आणली. दारात उभे राहून ते एवढंच म्हणाले, "भाऊ, दिगू गेला... अन् तो धडा आता छापून टाका." माणूस गेल्याच्या बातमीला जोडून छपाईचं काम सांगणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मला राग आला. आज काही आठवड्यांनी लिहायला बसलो तरी तो राग पुरता गेलेला नाही, फक्त त्यात भीती मिसळली आहे.

छप्पन साली आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात आला, त्या धामधुमीत दिगूभाऊ नागपूरच्या एका दैनिकाचे बाजार-वार्ताहर झाले. यवतमाळचे कापसाचे भाव तारेनं कळवायचे, एवढंच काम. पण या गृहस्थाला भावामागचा माणूस दिसायचा. सरकी, जिनिंग, आठवडी बाजार यांवर त्यांनी असं काही लिहिलं की अर्थशास्त्र म्हटल्यावर जांभई देणारे आमच्यासारखेही रविवारची वाट पाहू लागले. त्या लेखांची दोन पुस्तकं झाली, दोन्ही माझ्याच छापखान्यात. मुद्रितं तपासताना ते जीव नकोसा करत. "एक स्वल्पविराम हलला तर काय बाजार कोसळणार आहे?" असं मी वैतागून विचारायचो. ते गंभीरपणे म्हणायचे, "कोसळते."

ही थट्टा नव्हती. महागावच्या एका तेलघाण्यावर त्यांनी जीव ओतून लिहिलं आणि त्याच हंगामात घाणा बंद पडला. लोहाऱ्याच्या एका गाडीवानावर लिहिलं, तो दिवाळी पाहू शकला नाही. तेलाच्या गिरण्या आल्या होत्या, गाडीवान म्हातारा होता, हे मी त्यांना किती वेळा समजावलं असेल! पण आपण लिहिलं म्हणूनच ते गेलं, हे त्यांच्या मनातून जाईना. बाजारातले दुकानदार त्यांना आग्रहानं चहा पाजायचे आणि निघताना हळूच सांगायचे, "आमच्यावर लिहू नका बरं, भाऊ."

कासमभाई कापसाचे दलाल, दिगूभाऊंचे जिवलग. तेव्हा त्यांच्याकडचा सौदा तोंडानं होत नसे. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हातात हात घेत आणि बोटं दाबून भाव सांगत. पटलं नाही की हात काढून घ्यायचा. हात काढला नाही तर सौदा पक्का, मग तो कुणाच्या बापाला मोडता येत नसे. ही बोटांची भाषा कासमभाईंनी मित्राला शिकवली होती. तिसऱ्या पुस्तकासाठी दिगूभाऊंनी त्यावर एक प्रकरण लिहिलं, अख्खं कासमभाईंवर. लिहिल्याशिवाय त्यांना राहवलं नाही आणि छापायची छाती झाली नाही. कागद माझ्या हाती देऊन त्यांनी बजावलं, मी हो म्हणेपर्यंत छपाईचा एक खिळाही जुळवायचा नाही.

कासमभाईंना मात्र ते छापून हवं होतं. बाजारात रुमालाऐवजी उघड्या लिलावाची बोलणी सुरू झाली होती. "हे इलम आता कोण शिकून राह्यलं?" ते म्हणत. "पुस्तकात तरी राहू दे."

"कासम, तुह्यावर छापलं तं तू राहणार नाहीस."

"मंग काय झालं? रुमाल गेल्यावर मी कायले राहू?"

पुढे अर्धांगवायूनं दिगूभाऊंची वाचा गेली. अर्थशास्त्रावर तासभर बोलणारा माणूस नुसता आढ्याकडे पाहत पडलेला, मला तिथे बसवत नसे. दुपारी कासमभाई येत, खाटेवर रुमाल पसरत, त्याखाली दिगूभाऊंचा चांगला हात धरत आणि मोठ्यानं विचारत, "दिगू, छापू?" रुमाल हलायचा. हात बाहेर यायचा. दर वेळी. एकमेकांवर एवढा जीव असलेली माणसं मी दुसरी पाहिली नाहीत.

शेवटी जवळ कासमभाईच होते. छापखान्याच्या दारात त्या दिवशी ते मला सांगत होते, "जीव गेला, अंगावर चादर टाकली, तिच्याखाली मी त्याचा हात धरला, भाऊ. इचारलं, छापू? त्यानं हात नाही काढला. सौदा पक्का." सगळी हयात बाजारात घालवलेल्या माणसाला याहून मोठा होकार ठाऊक नव्हता. आणि खरं सांगायचं तर दिगूभाऊंच्या हातचं ते सगळ्यात सुंदर लिखाण होतं. मी प्रकरण जुळवायला दिलं.

परवा त्या प्रकरणाचे छापलेले सुटे फर्मे घेऊन कासमभाईंकडे गेलो. चैत्राची भर दुपार, पत्र्याखाली जीव घाबरा होत होता, आणि ते गोधडी पांघरून बसले होते. हात गोधडीच्या आत. कागद मीच उलटून दाखवले. ते बघत होते, पण त्यांचा आनंद काही दिसेना. मला इतके दिवस गिळलेलं शेवटी बोलून टाकावंसं वाटलं. म्हटलं, "कासमभाई, राग मानू नका. गेलेला माणूस हात काढून घेणार तरी कसा होता?"

त्यांनी आतूनच गोधडी आणखी घट्ट ओढून घेतली.

"काढून राह्यलता, भाऊ," ते म्हणाले. "चांगला जोर लावून काढून राह्यलता. मीच सोडला नाही."