मामाच्या होडीचा बझर

आई गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी कळव्याहून मामाचा फोन आला. "गो, होडीचा बझर थांबत नाय. चावी फिरवली का बोंबलतो. येशील बघायला?" मी हो म्हटलं. त्या दिवशी कुणी गच्चीची टाकी धुवायला बोलावलं असतं तरी मी हो म्हटलं असतं.

मला काही वाटतच नव्हतं. खोटं कशाला सांगू? वर्तकनगरच्या घरी बायका माझ्या गळ्यात पडून रडत होत्या आणि माझं लक्ष वरच्या ट्यूबलाइटकडे. लुकलुकत होती, स्टार्टर बदलायला झालेला. मावशी दोनदा म्हणाली, "रड गं, मोकळी हो." म्हटलं, मी काय नळ आहे, सोडला की सुरू? म्हणजे मनात म्हटलं. तोंडाने तिला विचारलं, चहा टाकू का.

डोंबिवलीला एमआयडीसीत मी कंट्रोल पॅनेल जोडते. एकवीस वर्षं झाली. घरात कुणाचं काही लागेना, काही वाजायचं थांबेना, की सगळ्या गोतावळ्याला माझी आठवण येते. मामा आईचा धाकटा भाऊ. खाडीकाठच्या जुन्या गावात राहतो, मासेमारी आता नावापुरती, होडीतून लोकांना पक्षी दाखवायला नेतो. आईच्या अस्थी दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला खाडीत सोडायच्या होत्या, त्याच्या होडीतून. शेजारी आपली होडी द्यायला तयार होता. मामा ऐकेल तर शपथ. "माझी बहिन दुसऱ्याच्या होडीतून नाय जायची." पण इंजिन तापल्याचा बझर वाजत असताना होडी बाहेर काढायचीही त्याची छाती होईना. इंजिन खरंच तापत असलं आणि मध्येच बंद पडलं, तर ओहोटीला आम्ही सगळे अस्थींसकट चिखलात. गावातल्या मेकॅनिकने तोडगा सांगितलेला, वायर कापून टाक, कटकट जाईल. वा रे मेकॅनिक!

दुपारी मीटर आणि पाने-पकडी घेऊन गेले. धक्क्यावर ऊन मी म्हणत होतं. मामाने हात दिला, मी होडीत उतरले. त्याची दाढी वाढलेली. आई कशी गेली, शेवटी काय बोलली, हे आम्ही दोघांनीही काढलं नाही. बरं झालं, मला सांगता आलं नसतं.

चावी फिरवली. बझर किंचाळला आणि तापमानाचा लाल दिवा लागला. इंजिन सुरू केलं, तरी तसंच. आता अर्ध्या मिनिटात तापायला इंजिन म्हणजे काय फोडणीचं तेल आहे? तरी म्हटलं, अंदाजावर जायचं नाही. मागे वाकून पाहिलं, इंजिन थंड ठेवणारं पाणी धो धो बाहेर पडत होतं. इंजिनाला हात लावला, गार. म्हणजे इंजिन बरं होतं आणि बझर खोटं बोलत होता.

"सेन्सर नवीन टाकला मी," मामा म्हणाला. "तरी वाजतो."

सेन्सरची वायर काढून बाजूला धरली. काही फरक नाही. म्हणजे बिचाऱ्या सेन्सरचा दोष नव्हता, जुनाही फुकट फेकला. वायर चाचपत पुढे आले. कुठे सोललेली नाही, चिमटलेली नाही. शेवटी चावीच्या पॅनेलचे चार स्क्रू काढून ते उलटं केलं आणि मागचा प्लग ओढला. बझर गप्प झाला. प्लगच्या पिना हिरव्यागार, वर चिकट खळ, आणि त्या खळीत लाल मुंग्या. दोन पिना त्या खळीनेच जोडल्या गेलेल्या.

मामा चहा आणायला वर गेला. मी कामाला लागले. गंज काढायचा स्प्रे मारला, ब्रशने पिना घासल्या, पुसल्या, मीटर लावून तपासलं. प्लग बसवला, पॅनेल जागेवर ठेवून स्क्रू आवळले. मग स्पिरिटने पुढची बाजूही पुसली. कंपनीत माझ्या हातून मळकं पॅनेल कधी बाहेर जात नाही. चावीच्या बाजूला काहीतरी लाल-पिवळं वाळून बसलेलं, ते नखाने खरवडून फडक्याने टिपून घेतलं. पत्रा लख्ख झाला. इंजिन सुरू केलं. दोन सेकंद बझर, चावी फिरवली की वाजायला हवा तेवढाच, मग शांत. दिवे सगळे विझलेले. काम झालं एवढंच वाटलं, तेही फारसं नाही.

मामा दोन ग्लास घेऊन आला. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून थांबला.

"खाऱ्या पाण्याला मुंग्या लागत नाहीत," मी म्हटलं. "पॅनेलवर सरबत सांडलेलंस की काय?"

"नारलाचा पानी," तो म्हणाला. "नारळी पुनवेचा."

आई दर वर्षी त्या दिवशी त्याला राखी बांधायला जायची आणि त्याच्या होडीवर नारळ फोडायची, हे मला ठाऊक होतं. होडीच्या पुढच्या टोकावर फोडायची.

"यंदा तिला पुढं चालवत नव्हता," मामा म्हणाला. "मीच म्हटला, इथं बसूनच कर. नारळ मी फोडून दिला. तिचा हात कापत होता, सगला पानी मशीनवर गेला. पुसाया गेलो तर म्हणते, राहू दे रे, देवाचा हाय. मंग तीन बोटा लावली हलदी-कुंकवाची, इथं, चावीजवल..."

त्याने वाकून पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"पुसलीस?"

"हो."

तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं. "काम झाला ना, बस झाला," म्हणाला आणि तोंड फिरवून ग्लास खाली ठेवायला जागा शोधू लागला. होडीत जागाच जागा होती.

बाजूला टाकलेलं फडकं उचलून मी मांडीवर पसरलं. ग्रीस, हिरवा गंज, कुंकू, सगळं एकात एक कालवलेलं. त्यातलं आईचं कुठलं, ते मला वेगळं काढता येईना.