उलटं बसलेलं प्रथिन

पेशीच्या पडद्यात प्रथिन कसं बसणार, त्याची कुठली बाजू आत आणि कुठली बाहेर, हे त्याच्या घडणीतच आधीपासून लिहिलेलं असतं. आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख हे वाक्य डोळे मिटून म्हणत. समोर चहा-बिस्किटं असत, म्हणून आम्हीही ऐकून घेत असू.

माझं प्रथिन मात्र उलटं बसत होतं. पडदा आम्ही नळीत तयार करायचो, एकाच जातीच्या शुद्ध लिपिडचा, म्हणजे स्निग्ध रेणूंचा. प्रथिन त्यात शिरायचं, पण अर्धं खाली डोकं वर पाय. साखर कमी असलेल्या बाजूकडून जास्त असलेल्या बाजूला ओढून नेणं हे त्याचं काम. ते होईना, आणि ते झाल्याशिवाय माझी नेमणूक पुढे वाढणार नव्हती.

संध्याकाळच्या बोटीने मांडव्याला उतरून नागावला घरी पोचेपर्यंत बोलायचं त्राण उरत नसे. आई सुपाऱ्या सोलता सोलता विचारायची, "काय गो, बसलं का?"

"उलटं बसलं."

"मग सुलट कर की. एवढी शिकलीस ती कशाला?"

पडद्यात आणखी एका जातीचं लिपिड घालून पाहू, असं मी सरांना सुचवलं. हे प्रथिन ज्या जिवाणूचं, त्याच्या खऱ्या पडद्यात तेच सगळ्यात जास्त असतं. सर म्हणाले, "बाई, ही प्रयोगशाळा आहे, भेळेची गाडी नव्हे." शुद्धतेवर त्यांची फार श्रद्धा.

बरेच दिवस ऐकलं. नेमणूक संपत आली तेव्हा सर कुठल्याशा परिषदेत दीपप्रज्वलनाला गेले होते. उलटं बसलेलं प्रथिन पडद्यात तसंच ठेवून मी ते दुसरं लिपिड त्यात मिसळलं. प्रथिन बसल्या जागी वळलं. साखर चढावर जाऊ लागली. मला आनंद व्हायला हवा होता. मला झोप येत होती.

सरांनी परत आल्यावर आलेख पाहिला. पुढच्या बैठकीत डोळे मिटून म्हणाले, "प्रथिनाचं भवितव्य त्याच्या शेजारात असतं." माझी नेमणूक वर्षभर वाढली.

आईला सांगितलं. तिने सुपारी बाजूला ठेवली. "म्हणजे आता ते करणार काय?"

"दुधातली साखर जिवाणूच्या आत ओढणार."

"आणि हा जिवाणू कुठला?"

"माणसाच्या मोठ्या आतड्यातला."